हाडांचा फोटो आणि कंपन्यांची चढाओढ : मराठवाड्याच्या बाजूने पाहिलेली पार्श्वभूमी

लातूर, बीड, नांदेड किंवा परभणीत हाडांचं नवं हॉस्पिटल उभं राहतं, तेव्हा इमारतीनंतरचा मोठा खर्च यंत्रांवर होतो. त्यात डिजिटल एक्स-रे आणि सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना हाडाची प्रतिमा पडद्यावर दाखवणारं, आपल्याकडचे सर्जन ज्याला ‘आयआयटीव्ही’ म्हणतात ते यंत्र, ही दोन सगळ्यांत आधी लागतात. कोटेशन मागवली की एका बाजूला सीमेन्स, फिलिप्स, जीई ही जुनी नावं येतात. दुसऱ्या बाजूला चंडीगडची अलेंजर्स, म्हैसूरची स्कॅनरे असे देशी उत्पादक असतात. किमतींत बरंच अंतर आणि माहितीपत्रकांची भाषा मात्र सारखीच, त्यामुळे डॉक्टरही गोंधळतात. या यंत्रातला कळीचा भाग त्या त्या काळात कोणाच्या हाती होता, हे पाहिलं की ही गर्दी कशी झाली ते समजतं.

विल्हेल्म रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये क्ष-किरण सापडले. त्यांनी पेटंट घेतलं नाही. या एका निर्णयामुळे यंत्र बनवायची वाट पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना मोकळी झाली. १८९६ सालीच एर्लांगेनच्या रायनिगर, गेबर्ट अँड शाल या कंपनीने एक्स-रे उपकरणं बनवायला घेतली. हॅम्बुर्गच्या सी. एच. एफ. म्युलर यांचा काचकामाचा कारखाना होता, ते क्ष-किरण निर्माण करणारी काचेची नळी, म्हणजे ट्यूब, बनवू लागले. मात्र त्या काळच्या ट्यूबमध्ये थोडा वायू असे आणि तिचं काही खरं नसे. एक फोटो चांगला येई, तर पुढचा काळा.

१९१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कूलिज यांनी तापलेल्या तारेची, पूर्ण निर्वात ट्यूब केली आणि किरणांची मात्रा ठरवून देता येऊ लागली. आता यंत्र कोणीही बनवलं तरी चांगल्या ट्यूबसाठी जीईकडे जावं लागे. शिकागोची व्हिक्टर कंपनी यंत्रं बनवत होती, ती १९२० मध्ये जीईच्या एक्स-रे धंद्यात मिसळली. १९२५ मध्ये सीमेन्सने एर्लांगेनच्या कंपनीचा ताबा घेतला आणि १९२७ मध्ये फिलिप्सने म्युलरचा कारखाना विकत घेतला. आपल्या कोटेशनवरची तीन मोठी नावं अशी शंभर वर्षांपूर्वीच पक्की झाली होती.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद. गावात हाड मोडलं तर हाडवैद्याकडे जायचं, बांबूच्या कांब्या बांधून घ्यायच्या आणि हाड जुळेल तसं जुळू द्यायचं. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ मध्ये सुरू झालं. अंबाजोगाईचं १९७४ मध्ये आणि नांदेडचं १९८८ मध्ये. एक्स-रे विभाग, त्यात शिकलेले टेक्निशियन आणि अस्थिरोगतज्ज्ञ याच क्रमाने या भागात पसरले.

त्या पिढीचं यंत्र म्हणजे शंभर किंवा तीनशे एमएचं (मिलिअँपिअर, म्हणजे ट्यूबमधल्या विजेचं माप) मशीन, शेजारी अंधारखोली आणि फिल्म धुण्याच्या डेव्हलपर-फिक्सर रसायनांच्या टाक्या. डेव्हलपरला साधारण वीस अंश तापमान मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाकीत बर्फाची पिशवी सोडावी लागे, नाहीतर फिल्मवर धुरकट थर चढे. व्होल्टेज पडलं की किरणांची ताकद पडे आणि मांडीच्या जाड हाडाचा फोटो फिका निघे. टेक्निशियन व्होल्टमीटरच्या काट्याकडे बघत एक्सपोजर द्यायचे. या माणसांच्या कौशल्यावर हजारो मोडलेली हाडं सरळ बसली. त्यांचं हे ऋण कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

यंत्र एकदा घेतलं की पंधरा-वीस वर्षं चाले, फिल्म मात्र रोज लागे. म्हणून खरी झुंज फिल्मची होती. कोडॅक, आग्फा, फुजी आणि कोनिका विरुद्ध उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. ही सरकारी कंपनी नव्वदच्या दशकात आजारी पडली आणि वैद्यकीय फिल्म देशात बनवण्याचा मोठा प्रयत्न तिथेच खचला.

हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सगळ्यांत मोठा बदल सी-आर्मने केला. आधी हलती एक्स-रे प्रतिमा पाहायची तर अंधुक पडद्यावर पाहावी लागे, त्यासाठी डॉक्टर लाल चष्मा लावून डोळे अंधाराला सरावून घेत. इमेज इंटेन्सिफायर ट्यूबने ती प्रतिमा कित्येक पटींनी उजळ केली. ही ट्यूब आणि एक्स-रे ट्यूब इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या फिरत्या कमानीच्या दोन टोकांना बसवून फिलिप्सने १९५५ मध्ये बीव्ही-२० हे यंत्र आणलं. मांडीचं हाड न उघडता आत सळई घालायची कल्पना जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंचर यांनी १९३९-४० मध्येच मांडली होती. ती रोजच्या कामात उतरली ती टेबलाशेजारी प्रतिमा दिसू लागल्यावर. सळईच्या भोकातून आडवा स्क्रू नेमका पार करायचा तर सी-आर्मशिवाय फार अवघड जातं.

या यंत्रात पुढे हाडांवरच लक्ष ठेवणाऱ्या कंपन्या उतरल्या. अमेरिकेत इंडियाना राज्यातलं वॉर्सा हे गाव स्प्लिंट आणि कृत्रिम सांध्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. त्याच राज्यातल्या ऑर्थोपेडिक इक्विपमेंट कंपनीतून ओईसी हे सी-आर्मचं नाव निघालं आणि १९९९ मध्ये जीईने ते विकत घेतलं. न्युरेम्बर्गची झीम १९७२ पासून सी-आर्म हेच आपलं काम मानते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. जे वाचले त्यांत हातपाय, कंबर, मणका मोडलेले असंख्य होते आणि त्यांना लातूर, सोलापूरच्या रुग्णालयांत न्यावं लागलं. हाडांच्या उपचाराची सोय जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी असणं किती गरजेचं आहे, हे या भागाला त्याहून कठोरपणे कोणी शिकवलं नसेल.

स्पर्धेचा स्वभाव कळायला सीटी स्कॅनची गोष्ट सगळ्यांत उपयोगी आहे. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड ब्रिटनच्या ईएमआय कंपनीत होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं. पण ईएमआय मूळची ध्वनिमुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी. रुग्णालयात जाऊन यंत्र दुरुस्त करणाऱ्यांची फौज जीई आणि सीमेन्सकडे होती. त्यांनी अधिक वेगवान स्कॅनर आणले आणि नोबेलच्या सुमारासच ईएमआयचा हा धंदा तोट्यात जाऊन मोडकळीला आला. शोध लावणारा हरला आणि यंत्र चालतं ठेवणारा टिकला. मराठवाड्यातल्या खरेदीदाराने या उदाहरणातून एवढंच धरलं तरी पुष्कळ.

एमआरआयमध्ये लढाई कोर्टात गेली. रेमंड डमाडियन यांच्या फोनार कंपनीने पेटंटच्या दाव्यात १९९७ मध्ये जीईकडून बारा कोटी डॉलर्सहून अधिक भरपाई मिळवली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रात होलॉजिकने १९८७ मध्ये पाय रोवले आणि तिची स्पर्धक ल्युनार २००० मध्ये जीईकडे गेली. आपल्याकडच्या शिबिरांत टाच ठेवून ‘हाडं तपासतात’ ते बहुधा अल्ट्रासाउंडचं छोटं यंत्र असतं, डेक्सा नव्हे. त्या आकड्यावरून थेट औषधं सुरू करू नयेत.

फिल्मची मक्तेदारी मोडली ती डिजिटलने. फुजीने १९८३ मध्ये सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) प्रणाली बाजारात आणली. जुनं मशीन तसंच ठेवायचं, कॅसेटमधली फिल्म काढून प्लेट घालायची आणि ती रीडरमध्ये वाचायची. छोट्या गावांना हे परवडलं, म्हणून मराठवाड्यात डीआरच्या, म्हणजे थेट डिजिटल एक्स-रेच्या, आधी सीआर रुजलं. पुढे किरण झेलून थेट संगणकावर प्रतिमा देणारी पाटी, म्हणजे फ्लॅट पॅनेल डिटेक्टर आला, आणि इथे स्पर्धेचं विलक्षण रूप दिसतं. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये ट्रिक्सेल ही पॅनेल बनवणारी कंपनी निघाली, तिच्यात एकमेकांचे प्रतिस्पर्धी सीमेन्स आणि फिलिप्स दोघेही भागीदार. अमेरिकेत व्हेरियनचा हा विभाग २०१७ मध्ये व्हेरेक्स म्हणून वेगळा झाला आणि तो अनेक यंत्रनिर्मात्यांना ट्यूब व पॅनेल पुरवतो. २०११ मध्ये शांघायची आयरे आली, पॅनेल स्वस्त होत गेलं. बाहेर नाव कोणाचंही असो, आतला डिटेक्टर तिसऱ्याचाच असू शकतो. तो कोणाचा आहे, हे कोटेशनवर लिहून मागायला हवं.

देशी कंपन्यांना याच बदलाने वाट दिली. अलेंजर्स १९८७ पासून आहे, विप्रो आणि जीई यांची भागीदारी १९९० ची, स्कॅनरे २००७ ची. फिलिप्सने २००८ मध्ये अल्फा एक्स-रे आणि मेडिट्रॉनिक्स या भारतीय कंपन्याच विकत घेतल्या, कारण तालुक्यांत विकायचं तर इथल्या किमतीचं यंत्र हवं होतं. तालुक्याच्या थिएटरात सी-आर्म पोचला त्यात देशी उत्पादकांचा वाटा मोठा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा.

जगात आता वेगळीच हालचाल चालू आहे. इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचे स्क्रू, सळया, सांधे, बनवणाऱ्या कंपन्या प्रतिमा घेणारी यंत्रंही ताब्यात घेत आहेत. स्ट्रायकरने २०१९ मध्ये मोबियस इमेजिंग घेतली. नोबेलविजेते जॉर्ज शार्पाक यांच्या डिटेक्टरवर आधारलेली, उभ्या माणसाचा पूर्ण कणा कमी किरणांत टिपणारी फ्रान्सची ईओएस कंपनी २०२१ मध्ये अल्फाटेककडे गेली. यंत्र स्वस्त आणि स्क्रू त्याच कंपनीचे, अशी बांधणी इथे आली तर बिल शेवटी रुग्णाच्या माथी येईल, ही मला वाटणारी काळजी आहे.

मराठवाड्यापुरता निकाल मात्र सर्व्हिसवर लागतो. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढतात, रात्री-अपरात्री जखमी येतात. नेमका तेव्हा सी-आर्म बंद पडला आणि इंजिनिअर पुण्या-मुंबईहून किंवा हैदराबादहून यायचा असेल, तर माहितीपत्रकातल्या आकड्यांना अर्थ उरत नाही. सीएमसीत, म्हणजे सुट्या भागांसह देखभालीच्या वार्षिक करारात, ट्यूब आणि डिटेक्टर धरलेत का, सुटा भाग किती तासांत येईल, तोवर बदली यंत्र मिळेल का, याची लेखी उत्तरं घेणारी हॉस्पिटलं सुखी आहेत. एईआरबीचा, म्हणजे केंद्राच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना आणि गुणवत्ता चाचणी यांची कागदपत्रंही विक्रेत्यानेच पुरी करून द्यावीत, असा आग्रह धरावा.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक या औद्योगिक शहरात वैद्यकीय उपकरणांचं पार्क व्हावं, असा राज्याचा प्रस्ताव होता. केंद्राने आपल्या योजनेत हिमाचल प्रदेश, तामिळनाडू, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश निवडले. २०२४ च्या अर्थसंकल्पात एक्स-रे ट्यूब आणि फ्लॅट पॅनेलवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याच्या उत्पादन कार्यक्रमाशी जोडून बदललं, कारण हेच दोन भाग अजून मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. वाळूज आणि शेंद्र्यात वाहनांचे अचूक सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. सी-आर्मची कमान, टेबल, स्टँड ही कामं त्यांच्या आवाक्यातली आहेत. ट्यूब आणि पॅनेल यांना वेगळं तंत्रज्ञान लागतं आणि त्याची सुरुवात या भागात अजून व्हायची आहे.