जागतिक कनिष्ठ आइस हॉकी स्पर्धा : पात्रता, कागदपत्रे आणि निवडीची प्रक्रिया

वीस वर्षांखालील मुलांची जागतिक आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी साधारणपणे २६ डिसेंबरला सुरू होते आणि ५ जानेवारीला संपते. आयआयएचएफ या नावाने ओळखला जाणारा, झुरिच येथे मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ ही स्पर्धा १९७७ पासून अधिकृतपणे भरवत आला आहे. वरच्या गटात दहा देश खेळतात. २०२५ ची स्पर्धा कॅनडातील ओटावा येथे झाली आणि २०२७ ची अल्बर्टा प्रांतातील एडमंटन व रेड डिअर या शहरांना देण्यात आली आहे. कॅनडात आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेक मुले आता लहानपणापासून रिंकवर जातात. त्यामुळे या स्पर्धेसाठी अर्ज कुठे करायचा, कोणती कागदपत्रे लागतात आणि मूल कोणत्या देशाकडून खेळू शकते, हे प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे.

यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की खेळाडूने किंवा पालकांनी वैयक्तिक अर्ज करावा, अशी कोणतीही सोय या स्पर्धेत नाही. प्रवेश देशाला मिळतो, संघ त्या देशाचा राष्ट्रीय महासंघ निवडतो आणि खेळाडूंची नावेही तोच आयआयएचएफकडे पाठवतो. शुल्क घेऊन थेट प्रवेश मिळवून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. कुटुंबाच्या हाती असते ते इतकेच की निवडीची वेळ येईल तेव्हा मुलाची पात्रता कागदोपत्री निर्विवाद असावी. ही तयारी स्पर्धेच्या वर्षी सुरू करून चालत नाही, कारण नियमांतील काही अटी मुलाच्या दहाव्या वाढदिवसानंतरच्या खेळाच्या नोंदींकडे पाहतात.

वयाची अट

वय जन्मतारखेवरून नव्हे, तर जन्मवर्षावरून मोजले जाते आणि त्यासाठी स्पर्धा ज्या वर्षाच्या नावाने ओळखली जाते ते वर्ष, म्हणजे जानेवारीचे वर्ष, धरतात. त्या वर्षातून वीस वजा केले की सर्वांत अलीकडचे नव्हे, तर सर्वांत जुने चालणारे जन्मवर्ष मिळते. २०२७ च्या स्पर्धेसाठी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू चालतो. १ जानेवारी २००७ रोजी जन्मलेला मुलगा स्पर्धा चालू असतानाच वीस वर्षांचा होईल, तरीही तो पात्र राहील. ३१ डिसेंबर २००६ ला जन्मलेला मुलगा मात्र एका दिवसाने अपात्र ठरेल. खालची मर्यादाही जन्मवर्षातच सांगितलेली असते. उदाहरणार्थ, २०२० च्या स्पर्धेसाठी २००० ते २००५ या काळात जन्मलेले खेळाडू पात्र होते. प्रत्यक्षात संघांत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचाच भरणा असतो आणि सोळाव्या वर्षी स्थान मिळवणारे फार थोडे असतात. कॅनडाचे नामवंत खेळाडू वेन ग्रेट्झ्कीने १९७८ मध्ये आणि कॉनर मॅकडेव्हिडने २०१४ मध्ये ते करून दाखवले होते.

या नियमाला वळण देणारा एक प्रसंग अलीकडेच घडला. २०२२ ची स्पर्धा करोनाच्या प्रादुर्भावामुळे डिसेंबर २०२१ च्या अखेरीस अर्ध्यावर रद्द करावी लागली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एडमंटन येथे ती नव्याने खेळवली गेली. तेव्हा २००२ हे जन्मवर्ष कायम ठेवण्यात आले, म्हणून स्पर्धा लांबली तरी कोणाचे वय उलटून गेले नाही.

नागरिकत्व : सर्वांत महत्त्वाची अट

खेळाडू ज्या देशाचे प्रतिनिधित्व करणार, त्या देशाचा तो नागरिक असलाच पाहिजे. कायम निवासाचा परवाना, ज्याला कॅनडात सगळे पीआर म्हणतात, किंवा अमेरिकेतील ग्रीन कार्ड या कामी पुरेसे नाही. स्थानिक क्लबातून, प्रांताच्या संघातून, अगदी मोठ्या ज्युनिअर लीगमधूनही नागरिकत्वाशिवाय खेळता येते, आणि म्हणूनच ही अडचण बराच काळ कोणाच्या लक्षात येत नाही.

कॅनडात जन्मलेले मूल, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे अपवाद वगळता, जन्मानेच कॅनडाचे नागरिक असते. मिसिसागा येथे भारतीय वडील आणि फ्रेंच-कॅनेडियन आई यांच्या पोटी जन्मलेला मॅनी मल्होत्रा याने कॅनडाच्या कनिष्ठ संघाचे २००० च्या स्पर्धेत कर्णधारपद भूषवले होते. भारतात जन्मून आईवडिलांबरोबर तिकडे गेलेल्या मुलाचे मात्र वेगळे आहे. कॅनडाचे नागरिकत्व मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत किमान १,०९५ दिवस देशात प्रत्यक्ष राहिल्याचे दाखवावे लागते आणि अल्पवयीन मुलाचा अर्ज पालकांच्या अर्जासोबत करता येतो. अमेरिकेत ग्रीन कार्डधारक मूल अठरा वर्षांखालील असेल, तिथेच आईवडिलांच्या ताब्यात राहत असेल आणि त्या काळात आई किंवा वडील नागरिक झाले, तर २००० च्या कायद्यानुसार मुलालाही आपोआप नागरिकत्व मिळते. तरीही मुलाच्या नावाचा पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र वेगळे काढून घ्यावे, कारण महासंघाला कागद लागतो.

भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, ही गोष्ट इथे निर्णायक ठरते. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट परत करून समर्पण प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना दिले जाणारे कार्ड, मिळू शकते. पण ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. ओसीआय असल्यामुळे मुलगा गरज पडल्यास भारताकडूनही खेळू शकेल, असा समज अनेक घरांत आढळतो आणि तो चुकीचा आहे. आयआयएचएफच्या नियमात नागरिकत्वाची अट आहेच. शिवाय भारताच्या क्रीडा मंत्रालयाने २००८ मध्येच राष्ट्रीय संघात केवळ भारतीय नागरिकांनी खेळावे, असे धोरण ठरवले आहे. म्हणून घरात नागरिकत्वाचा अर्ज करण्याची चर्चा सुरू होईल, तेव्हा मुलाच्या खेळाचा विचारही त्याच चर्चेत झाला पाहिजे.

नागरिकत्व बदललेल्यांसाठी खेळाच्या नोंदी

जन्मापासून एकाच देशाचे नागरिक असलेल्या खेळाडूला पुढील अट लागू होत नाही. ज्याने नवे किंवा आणखी एक नागरिकत्व मिळवले आहे, पण आयआयएचएफच्या कोणत्याही स्पर्धेत अजून कोणत्याच देशाचे प्रतिनिधित्व केलेले नाही, त्याने वयाच्या दहाव्या वर्षानंतर त्या नव्या देशाच्या राष्ट्रीय महासंघाच्या कक्षेतील स्पर्धांमध्ये सलग दोन हंगाम आणि किमान सलग सोळा महिने, म्हणजे ४८० दिवस, खेळलेले असले पाहिजे, आणि त्या काळात तो दुसऱ्या देशाच्या महासंघाकडे गेलेला किंवा तिथे खेळलेला नसावा. ज्याने पूर्वी एका देशाकडून आयआयएचएफची स्पर्धा खेळली आहे आणि आता दुसऱ्या देशाकडून खेळू इच्छितो, त्याच्यासाठी हाच काळ सलग चार वर्षांचा होतो, आणि असा बदल आयुष्यात एकदाच करता येतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एखाद्या देशाच्या संघातून खेळण्याचे निमंत्रण येते, तेव्हा आनंदाच्या भरात या शेवटच्या वाक्याचा विसर पडू देऊ नये. आयआयएचएफच्या स्पर्धेतला एक सामनासुद्धा पुढील निवड बांधून ठेवतो.

राष्ट्रीय महासंघाच्या नोंदणीबाहेरचा खेळ या हिशेबात धरला जात नाही. मित्रांबरोबर भाड्याने घेतलेल्या रिंकवरचा सराव किंवा खासगी शिबिरे यांचा कौशल्यासाठी उपयोग होतो, पात्रतेसाठी नाही. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केट्सवर खेळलेली रोलर हॉकीही यात मोजली जात नाही, कारण भारतात तो खेळ वेगळ्या महासंघाच्या अखत्यारीत आहे. म्हणून दरवर्षीच्या नोंदणीची पावती, संघाची यादी आणि क्लबाचे पत्र एका फायलीत ठेवत जावे. पाच-सहा वर्षांनी क्लबाचे पदाधिकारी बदललेले असतात आणि तेव्हा जुने पत्र मिळवणे फार जिकिरीचे होते.

एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्या देशाच्या महासंघाकडे जाताना आंतरराष्ट्रीय हस्तांतरण पत्र लागते, ज्याला खेळात सर्वत्र ट्रान्सफर कार्ड म्हणतात. त्यावर जुना महासंघ, नवा महासंघ आणि खेळाडू यांच्या सह्या होतात आणि आयआयएचएफची मंजुरी लागते. हे कार्ड ठरावीक मुदतीचे असू शकते किंवा अमर्याद. मुदतीच्या कार्डाची तारीख संपली की खेळाडू पुन्हा जुन्या महासंघाचा मानला जातो. वर सांगितलेले सोळा महिने किंवा चार वर्षे मोजताना कार्डाच्या मंजुरीची तारीख पाहिली जाते, कुटुंब विमानतळावर उतरल्याची नव्हे. त्यामुळे कॅनडातून अमेरिकेत बदली झाली आणि मुलगा तिथे लगेच खेळू लागला, पण कार्ड काही महिने रखडले, तर ते महिने हातचे जाण्याचा धोका असतो.

जन्मदाखला आणि नावातील फरक

पहिल्या नोंदणीपासून मागितला जाणारा कागद म्हणजे जन्मदाखला, आणि महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत अडचणी येतात त्या इथेच. दाखला केवळ मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागते. शक्य असल्यास महानगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून दोन्ही भाषांतील दाखला घेऊन ठेवावा. काही जुन्या दाखल्यांवर बाळाचे नावच नसते. जन्मनोंदणी झाल्यापासून पंधरा वर्षांच्या आत विलंब शुल्क भरून नाव घालून घेता येते, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

आपल्याकडे वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लिहिण्याची पद्धत आहे. पासपोर्टमध्ये ते मुलाच्या नावाला जोडून येते, शाळेत ते गळते आणि हॉकी नोंदणीत कधी त्याचे पहिले अक्षरच राहते. दाखला, पासपोर्ट, नोंदणी आणि ट्रान्सफर कार्ड या चारही ठिकाणी नावाचे स्पेलिंग व क्रम तंतोतंत एकच असेल, हे पहिल्याच वर्षी पाहावे. तारखेचेही तसेच आहे. भारतात दिवस आधी आणि महिना नंतर लिहितात, अमेरिकेत उलट. चार नोव्हेंबर आणि अकरा एप्रिल यांची अदलाबदल एका नोंदणी अर्जात झाली की ती प्रत्येक संगणकीय नोंदीत उतरत जाते.

निवड कशी होते

कॅनडात मूल आधी स्थानिक मायनर हॉकी संघटनेत नोंदवले जाते आणि चांगले खेळणारे पुढे ओंटारिओ, वेस्टर्न आणि क्वेबेक या तीन मोठ्या ज्युनिअर लीगपर्यंत पोहोचतात. हॉकी कॅनडाचे निरीक्षक हे सामने पाहतात, सतरा व अठरा वर्षांखालील संघांतील कामगिरी लक्षात घेतात, आणि उन्हाळ्यातील तसेच डिसेंबरमधील शिबिरांतून अंतिम संघ ठरवतात. अमेरिकेत मिशिगनमधील प्लिमथ येथे राष्ट्रीय संघ विकास कार्यक्रम चालतो. त्याबरोबरच विद्यापीठांचे आणि ज्युनिअर लीगचे खेळाडूही निवडले जातात. शिबिराचे बोलावणे महासंघाकडून येते. स्पर्धा हंगामाच्या मध्यावर होत असल्याने एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये खेळू लागलेल्या मुलाला त्याच्या क्लबने मोकळे केले तरच तो येऊ शकतो.

निवड झाल्यावर खेळाडूला आयआयएचएफचा प्रवेश अर्ज भरून द्यावा लागतो. त्यात तो महासंघाचे नियम आणि उत्तेजक द्रव्यांविषयीचे बंधन मान्य करतो. अल्पवयीन असल्यास पालकांचीही सही लागते. दम्यासारख्या आजारासाठी मुलगा नियमित औषध घेत असेल, तर त्या औषधाचे नाव प्रतिबंधित यादीत आहे का, हे डॉक्टरांकडून आधीच तपासून घ्यावे आणि गरज असल्यास उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज वेळेत करावा. निवडीनंतर ही धावपळ करणे मुलावर अन्याय करणारे ठरते. स्पर्धेच्या ठिकाणी सामने सुरू होण्यापूर्वी संचालन समिती प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट तपासते. छायाप्रत चालत नाही, आणि पासपोर्टची मुदत यजमान देशाच्या व्हिसाच्या नियमांत बसणारी हवी.

साहित्याविषयी एवढेच की वीस वर्षांखालील गटात मानेचे संरक्षण सक्तीचे आहे आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या खेळाडूला संपूर्ण चेहरा झाकणारे कवच वापरावे लागते.

भारतात राहणारी मुले आणि मुली

भारतीय आइस हॉकी संघटना १९८९ पासून आयआयएचएफची सदस्य आहे. खेळाचे केंद्र लडाखमध्ये असून भारताचे राष्ट्रीय संघ मुख्यतः आशियाई पातळीवर खेळतात. पुरुषांचा संघ २००९ मध्ये अबू धाबी येथे, तर महिलांचा संघ २०१६ मध्ये तैपेई येथे प्रथम उतरला, आणि २०२५ च्या महिला आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्रातील मुलाला भारताकडून खेळायचे असेल, तर भारतीय पासपोर्ट, नावासह जन्मदाखला आणि संघटनेच्या मान्यतेच्या राष्ट्रीय स्पर्धांतील सहभागाच्या नोंदी, हीच त्याची कागदपत्रे. वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत नव्याने येणाऱ्या देशाला सर्वांत खालच्या विभागातून वर चढत जावे लागते.

ही स्पर्धा फक्त मुलांची आहे. मुलींसाठी अठरा वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००८ मध्ये कॅलगरी येथून सुरू झाली. तिथेही वय जन्मवर्षावरूनच मोजतात, पण वजा करायचा आकडा अठरा असतो. २०२४ च्या स्पर्धेसाठी २००६ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. नागरिकत्व, खेळाच्या नोंदी आणि ट्रान्सफर कार्ड यांविषयी वर सांगितलेले मुलींनाही लागू आहे, आणि त्यांच्या स्पर्धेची वयोमर्यादा दोन वर्षे अलीकडे असल्याने कागदपत्रे पूर्ण करायला त्यांच्या कुटुंबांना मुलांपेक्षा दोन वर्षे कमी मिळतात.