पोटाखालची पवनचक्की

दोन्ही इंजिनं बंद पडली की विमान दगडासारखं कोसळतं, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही. पंखांना हवेतून पुढे सरकण्याशी मतलब. तो वेग इंजिनाने दिला की घसरणीने, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. नाक जरा खाली ठेवलं की मोठं प्रवासी विमान एक किलोमीटर उंची खर्चून पंधरा-सतरा किलोमीटर पुढे जातं.

खरी पंचाईत वेगळीच. मोठ्या विमानाच्या पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या, विमानाला दिशा देणाऱ्या फळ्या मनगटाच्या जोरावर हलत नाहीत. त्यांना हायड्रॉलिक तेलाचा दाब लागतो, आणि तो देणारे मुख्य पंप इंजिनांवरच चालतात. जनित्रंही तिथलीच. बॅटऱ्या मोजकी उपकरणं थोडा वेळ जागी ठेवतात, बस.

इथे माझं लाडकं यंत्र बाहेर येतं. पोटाशी किंवा पंखाच्या मुळाशी एक झाकण उघडतं आणि छोटी पवनचक्की वाऱ्यात उतरते: रॅम एअर टर्बाइन, बोलीत ‘रॅट’. वारा पाती फिरवतो, पाती पंप किंवा जनित्र फिरवतात. वारा कमीजास्त झाला तरी फेरे फार बदलू नयेत म्हणून आत वजनं आणि स्प्रिंग असते. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग दबते, पात्यांचा कोन बदलून वाऱ्यावरची पकड सैल होते. फेरे घटले की उलट.

ही ऊर्जा येते उंचीतून. १० किलोमीटरवरच्या १०० टनी विमानाच्या उंचीत सुमारे २,७०० युनिट (किलोवॅट-तास) साठलेले असतात (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, करून पाहा). खाली येताना ते जवळजवळ सगळे हवेचा विरोध गिळतो. रॅटच्या वाट्याला एक टक्काही जात नाही.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७चं इंधन ४१,००० फुटांवर असताना संपलं. भरताना किलो आणि पौंडात गोंधळ झाला होता. विमान कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरलं, ६९ जण वाचले. अशा बातम्यांत ‘चमत्कार’ हा शब्द हमखास येतो. आराखड्यात ही चक्की बसवणाऱ्यांची आठवण कुणालाच येत नाही.

रॅटची खोडही तिथेच दिसली. उतरण्यासाठी वेग कमी केला तसा वारा घटला, दाब घटला आणि नेमक्या त्याच वेळी विमान हाताला जड लागू लागलं. चाकं स्वतःच्या वजनाने खाली सोडावी लागली. मागची घट्ट बसली, पुढचं बसलं नाही. धावपट्टीवर नाक घासत गेलं, आणि त्या घासण्यानेच विमान लवकर थांबलं.