एक कमान, दोन अर्थ: स्वरलिपीची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना

पाश्चात्य नोटेशनच्या पाच रेषांवर एकाच उंचीचे दोन सूर शेजारी शेजारी लिहिलेत आणि दोघांना जोडणारी एक कमान काढली आहे. ही कमान ‘टाय’ असेल, तर सूर एकदाच वाजवायचा आणि दोघांच्या लांबीची बेरीज होईपर्यंत धरून ठेवायचा. ‘स्लर’ असेल, तर दोन्ही सूर वाजवायचे, फक्त मध्ये श्वास तोडायचा नाही. कागदावर या कमानी जवळजवळ जुळ्या दिसतात. वादक आजूबाजूचं बघून काय ते ओळखतो. सॉफ्टवेअरला तसं ओळखता येत नाही. फाइलमध्ये जे नोंदलंय तेवढंच त्याच्या लेखी खरं.

एका सॉफ्टवेअरमधलं नोटेशन दुसऱ्यात नेताना जे घोळ होतात, त्यातले बहुतेक या कमानीच्याच जातीचे असतात. नोटेशनमध्ये तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: कानाला काय ऐकू येणार, डोळ्याला काय दिसणार आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय. कुठली फाइल यातलं काय जपते, हे कळलं की अर्धी डोकेदुखी जाते.

मिडी फाइल फक्त कानाची. मिडी १९८३ साली आलं ते वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून. त्यात नोंद होते ती कुठली पट्टी दाबली, किती जोरात आणि कधी सोडली याची. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक. मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे सी, हिचा क्रमांक ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. आता ही ६१ लिहायची कशी? सी शार्प (सीपेक्षा अर्धा सूर चढा) की डी फ्लॅट (डीपेक्षा अर्धा सूर उतरा)? पियानोवर पट्टी एकच, पण ए मेजर या स्केलमध्ये तिथे सी शार्पच हवा आणि ए फ्लॅट मेजरमध्ये डी फ्लॅट. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना सारखेच वाटतात, पण लिहिताना गफलत केली तर वाचणारा अडखळतो, तसंच हे. मिडीला उच्चार माहीत असतो, शुद्धलेखन नाही. उघडणारं सॉफ्टवेअर आपल्या अकलेनं अंदाज बांधतं, आणि सूर मूळ स्केल सोडून इकडेतिकडे गेले की तो अंदाज हमखास चुकतो.

लयीचे हाल तर आणखी वाईट. समजा फाइलमध्ये एका क्वार्टर नोटचे, म्हणजे बहुधा एका मात्रेच्या सुराचे, ४८० भाग केलेत. मग तेवढ्या वेळात बसणाऱ्या ट्रिप्लेटचा, म्हणजे सारख्या लांबीच्या तीन सुरांच्या गटाचा, प्रत्येक सूर १६० भागांचा हवा. माणसानं वाजवलं की तो कधी १५१ भरतो, कधी १७०. कानाला काहीच खटकत नाही, पण कागदावर ते इमानेइतबारे उतरवलं की बारीक विराम, टाय आणि शेपट्यांचं जंगल तयार होतं. म्हणून सॉफ्टवेअर सूर जवळच्या घरात ढकलतं, त्याला क्वांटायझेशन म्हणतात. घर फार मोठं धरलं तर खरे बारीक सूर नाहीसे होतात, फार लहान धरलं तर जंगल परत उगवतं.

पीडीएफचा प्रकार नेमका उलटा. तिच्यात सुराचं गोल डोकं म्हणजे पानावरच्या अमुक जागी छापलेलं एक चिन्ह, बस्स. त्यातून संगीत परत मिळवायचं तर संगणकाला ते पान वाचायला लावावं लागतं. ते तंत्र आहे, उपयोगीही आहे, पण दाटीवाटीच्या पियानोच्या पानावर त्याचं काम झाल्यावर दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप करणं मला तरी सोपं वाटतं.

तिसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे अर्थासाठी, आज म्युझिकएक्सएमएल वापरतात. त्याआधी १९९५ साली निफ नावाचा सामायिक फॉरमॅट येऊन गेला, पण त्यानं मूळ धरलं नाही. मग मायकेल गुड यांच्या रेकॉर्डेअर या कंपनीनं म्यूझडेटा आणि हमड्रम या अभ्यासकांच्या फॉरमॅट्सचा आधार घेऊन म्युझिकएक्सएमएल घडवलं. त्याची १.० आवृत्ती २००४ साली आली, ४.० आवृत्ती २०२१ साली. आता त्याची देखरेख डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेचा एक गट करतो.

ही फाइल साधी मजकुराची असते, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. आपली काळी एक तिच्यात अशी दिसते: स्टेप सी, आल्टर १, ऑक्टेव्ह ४. डी फ्लॅट लिहायचा असेल तर स्टेप डी, आल्टर उणे १, ऑक्टेव्ह ४. शुद्धलेखन शाबूत! लयही दोनदा नोंदलेली असते. सुरुवातीलाच सांगितलं असेल की क्वार्टर नोटचे २४ भाग, तर ट्रिप्लेटमधल्या सुराची लांबी ८ असते, आणि शेजारी वेगळं लिहिलेलं असतं की याला एट्थ नोट (क्वार्टर नोटच्या निम्म्या लांबीचा सूर) म्हणून दाखवा, दोनाच्या जागेत तीन बसवून. टायचीसुद्धा अशीच दुहेरी नोंद: वाजवण्यासाठी एक, कमान काढण्यासाठी दुसरी. फाइल लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरनं यातली एक गाळली, तर कमान नीट दिसते आणि सूर मात्र दोनदा वाजू शकतो.

इतकी काळजी घेऊनही गोष्टी सांडतात, कारण कोश सामायिक असला तरी प्रत्येक सॉफ्टवेअरची विचार करायची रीत आपापली. म्युझिकएक्सएमएल संगीताकडे एकेका बारनं, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या ठरावीक मात्रांच्या एकेका तुकड्यानं, बघतं. बारची रेघ ओलांडणारा लांब सूर तिथे टायनं जोडलेले दोन सूर म्हणूनच येतो. डोरिको हे नोटेशनचं सॉफ्टवेअर मात्र तो एकच अखंड सूर मानतं. रेघ कुठे पडते ते बघून कागदावर त्याचे तुकडे करतं आणि ताल बदलला की ते नव्यानं पाडतं. एकाच स्टाफवर, म्हणजे पाच रेषांच्या एकाच संचावर, दोन आवाज असतील, तर म्युझिकएक्सएमएल पहिला आवाज बारच्या शेवटापर्यंत लिहितं, मग ‘मागे जा’ असा हुकूम देतं आणि दुसरा आवाज सुरुवातीपासून लिहितं. मागे जायचं अंतर चुकलं की दुसरा आवाज पूर्णच सरकतो. बारमध्ये मात्रा कमी किंवा जास्त झाल्याचा इशारा आला, तर मी आधी तिथेच बघतो.

काही वेळा दोष लिहिणाऱ्याचाच असतो. गाण्याचे शब्द सुरांना बांधायची खास सोय असते. तिथे प्रत्येक अक्षर शब्दाच्या आरंभाचं, मधलं की शेवटचं हेही नोंदलं जातं. घाईत कोणी तेच शब्द साध्या मजकुराच्या चौकटीत टाइप करून सुरांखाली सरकवून ठेवतं. छापल्यावर फरक दिसत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सूर नव्या जागी मांडले जातात आणि शब्द अनाथ होऊन भलतीकडेच लटकतात.

पानाची मांडणी नेण्याचा हट्ट मी सोडून दिलाय. म्युझिकएक्सएमएलमध्ये जागा मोजायचं एकक आहे, स्टाफच्या दोन रेषांमधल्या अंतराचा दहावा भाग. पण जुनी मापं आणि नव्या सॉफ्टवेअरचे अंतर ठेवण्याचे नियम यांची झटापट होते. आयात करताना मांडणीच्या पर्यायासमोरची खूण काढून टाकली की पान बहुधा जास्त स्वच्छ येतं.

ऑगस्ट २०२४मध्ये फिनाले हे १९८८पासून चालत आलेलं नोटेशनचं सॉफ्टवेअर बंद होत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा हा विषय अनेकांच्या अंगावर आला. ज्यांच्या कपाटात वर्षानुवर्षांच्या फिनालेच्या फाइली होत्या, त्यांना आख्खा फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलायची सोय त्यातच मिळाली. मी तर सोबत पीडीएफही काढून ठेवतो, म्हणजे पुढे शंका आली की मूळ पान कसं दिसत होतं ते बघता येतं.

बदललेली फाइल मी नजरेनं तपासण्याआधी ऐकतो. एकदा चार आवाजांच्या समूहगीताची जुनी फाइल बदलली. बाराव्या बारमध्ये धरून ठेवायचा सूर टणकन दोनदा वाजला. बदलात गडबड झाली, असं समजून मी मूळ फाइल उघडली आणि प्रथमच ती चालवून बघितली. तिथेही दोनदाच. कमान स्लरची होती, माझीच काढलेली. ती फाइल आजवर फक्त छापली होती आणि गाणाऱ्यांनी तो सूर दर वेळी न सांगता धरून ठेवला होता.