अंतर्गत तक्रार समिती (उच्च शिक्षण संस्था)

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात लैंगिक छळाची तक्रार झाल्यास तिची चौकशी करणारी वैधानिक समिती. कॉलेजांत तिला आजही ‘विशाखा समिती’ म्हणतात. राजस्थानात सरकारी योजनेत काम करणाऱ्या एका साथिनीने (गावपातळीवरील कार्यकर्तीने) बालविवाहाला विरोध केला म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर ‘विशाखा’ आदी महिला संघटनांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 1997 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांचा 2013 मध्ये कायदा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम, जे मे 2016 मध्ये अधिसूचित झाले, खास कॅम्पससाठी आहेत. कॅम्पस म्हणजे केवळ इमारती नव्हेत. बस, सहल, शिबिर, स्नेहसंमेलन, इंटर्नशिपची जागा हे सगळे त्यात येते.

अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला प्राध्यापक असतात. त्यांच्यासोबत दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या संस्थेतील एक सदस्य. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसतात. निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत जागा नाही, आणि या विनियमांतली ही सर्वांत शहाणी तरतूद म्हणावी लागेल: ज्यांच्या सहीवर मुलीची हजेरी आणि अंतर्गत गुण अवलंबून असतात, त्यांच्यासमोर ती काय बोलणार?

प्रत्यक्षात समितीची पहिली परीक्षा जिन्याजवळच्या फलकावर होते. फलकावर बदली होऊन गेलेल्या मॅडमचे नाव आणि बंद पडलेला नंबर असला, की तक्रार करू पाहणारी मुलगी ऑफिसच्या खिडकीशी विचारायला जाते. तिथे रांगेत उभ्या चारजणांच्या देखत ‘कशाबद्दल तक्रार आहे?’ हा प्रश्न येतो, आणि गोपनीयता तिथेच संपते.

तक्रार लेखी असते आणि घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची. तक्रारीची प्रत समोरच्याला सात दिवसांत जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी. चौकशी चालू असताना तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, किंवा ज्याच्यावर आरोप आहे त्याला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. दोषी विद्यार्थ्याचे वसतिगृह, ग्रंथालय किंवा शिष्यवृत्ती बंद होऊ शकते, नावही पटावरून काढता येते. आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

समिती म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. बलात्कार, विनयभंग हे भारतीय न्याय संहितेखालचे गुन्हे. त्यांची फिर्याद वेगळी, आणि ती देण्यात संस्थेने मदत करायची असते. रुग्णालयाने बलात्कार पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे असतात. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ म्हणता येत नाही. वैद्यकीय तपासणीला तिची संमती लागते. पुरावा टिकावा म्हणून आंघोळ न करणे आणि त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवणे श्रेयस्कर. पण ते झाले नसले तरी फिर्याद देता येते.

चौकशी रेंगाळली तर तक्रारदार थकते. घाई केली तर काय होते, ते गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात दिसले. दोन विद्यार्थिनींच्या 2009 मधील तक्रारींनंतर एका प्राध्यापकाला बडतर्फ करण्यात आले. आजारपणामुळे त्याने मुदत मागितली असताना समितीने त्याच्या गैरहजेरीत कामकाज उरकले होते. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू मांडण्याची पुरेशी संधी देण्याचे तत्त्व, पाळला गेला नाही म्हणून बडतर्फी रद्द केली, आणि देशभरच्या समित्या खरोखर नेमल्या आहेत का हे तपासण्याचे आदेशही दिले. आरोप खरे की खोटे यावर निर्णय झाला नाही. तक्रारीनंतर चौदा वर्षांनी प्रकरण चौकशीसाठी पुन्हा समितीकडेच गेले.