व्हिजन थेरपी

व्हिजन थेरपी : दोन्ही डोळ्यांचा मेळ, त्यांची हालचाल आणि जवळ-दूर नजर स्थिरावण्याची क्षमता सुधारण्यासाठी करवून घेतले जाणारे व्यायाम. तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी स्टिरिओस्कोपचे (दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवणाऱ्या उपकरणाचे) व्यायाम देणारे फ्रेंच नेत्रवैद्य लुई एमिल झावाल यांच्या एकोणिसाव्या शतकातील कामातून ऑर्थोप्टिक्स ही डोळ्यांच्या व्यायामांची शाखा आकाराला आली. पुढे अमेरिकेतील काही ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा देणारे तज्ज्ञ) असेच व्यायाम वाचन आणि एकाग्रतेच्या अडचणींसाठीही देऊ लागले. खरा वाद आहे तो या वाढीव दाव्यांबद्दल.

कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी या दोषावर मात्र थेरपीचा उपयोग सिद्ध झाला आहे. जवळचे पाहताना दोन्ही बुबुळे नाकाकडे वळावी लागतात. ती पुरेशी वळली नाहीत, तर अक्षरे दुहेरी दिसतात, ओळ सुटते, कपाळ दुखते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर १२ आठवडे उपचार झाले. दवाखान्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम करून घरी सराव करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुले सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ४३ टक्के. थेरपीसारखे भासणारे, पण परिणामशून्य व्यायाम दिलेल्या गटातही ३५ टक्के मुले सुधारली. ‘आमच्या मुलाला फरक पडला’ असे पालक मनापासून सांगतात, तेव्हा हा आकडा आठवावा.

मग वाचन सुधारते का? २०१९ च्या चाचणीत याच दोषाच्या ३१० मुलांना १६ आठवडे थेरपी किंवा नकली उपचार देण्यात आले. थेरपी घेतलेल्यांची वाचलेले समजण्याची क्षमता मात्र नकली उपचार घेतलेल्या मुलांपेक्षा अधिक वाढली नाही.

डिस्लेक्सियाचे, म्हणजे वाचन शिकण्यातील अडचणीचे, मूळ बहुतांशी भाषेतील ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात आहे, डोळ्यांत नाही. अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञ संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात त्यासाठी डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचा यांची शिफारस नाकारली. डिस्लेक्सियावर लागते ते ध्वनी-अक्षरांचे क्रमवार, नेटाने दिलेले शिक्षण. थेरपीत पैसा जातोच, पण मुलाच्या शिकण्याचे महिने वाया जातात, ते नुकसान मोठे. डोळ्यांची तपासणी तरीही करावीच, कारण चष्म्याचा नंबर किंवा आळशी डोळा (लहानपणी नजर नीट विकसित न झालेला डोळा) त्यातच सापडतो. आळशी डोळ्यावर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे प्रस्थापित उपचार असून ते लहान वयात सुरू करणे हिताचे असते.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्रात अधिकृत रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर अशा विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.