ग्रुप पॉलिसीचा रिपोर्ट नेमकं काय सांगतो? थोडी पार्श्वभूमी

ग्रुप पॉलिसी म्हणजे कचेरीतल्या विंडोज मशीनना एका जागेवरून लावलेल्या सेटिंग; कुठे कोणती लागली ते हा रिपोर्ट सांगतो. विंडोज एनटी ४ च्या काळात अशा रिपोर्टची फारशी गरजच पडत नव्हती. डोमेन कंट्रोलरच्या (कचेरीतल्या मशीन आणि खाती सांभाळणारा सर्व्हर) नेटलॉगॉन शेअरमध्ये एनटीकॉन्फिग डॉट पोल नावाची एकच फाइल असे. ती पॉलिसी एडिटरमध्ये उघडली की काय लागू आहे ते दिसे. तेव्हाची डोकेदुखी वेगळी होती. पॉलिसी काढून टाकली तरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) लिहिलेली किंमत (व्हॅल्यू) तशीच राहायची. त्याला तेव्हापासून ‘टॅटू’ म्हणतात, आपल्याकडचं गोंदणच.

२००० साली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डोमेनमधल्या खात्यांची आणि मशीनची नोंद, आली आणि पॉलिसीसाठी रजिस्ट्रीत वेगळ्या किल्ल्या राखून ठेवल्या गेल्या. त्यामुळे पॉलिसी काढली की नोंदही निघू लागली आणि गोंदणाचा प्रश्न बराचसा मिटला. पण लोकल (तेच मशीन), साइट, डोमेन, ओयू (डोमेनमधला विभाग) असे थर एकावर एक चढले. त्यात वरच्या थराची पॉलिसी अडवणारं ‘ब्लॉक इनहेरिटन्स’, त्यावर मात करणारं ‘नो ओव्हरराइड’ (याचंच नाव पुढे ‘एन्फोर्स्ड’ झालं) आणि मशीन कुठे आहे त्यावरून युजरची पॉलिसी ठरवणारं लूपबॅक. अमुक पीसीवर अमुक माणूस बसला तर शेवटी कुणाचं चालणार, हे डोक्यात मांडणं अवघड झालं. शेवटी काय लागू झालं ते दाखवणारी ‘जीपीरिझल्ट’ ही कमांड त्या वेळी रिसोर्स किटमधून वेगळी आणावी लागे. एक्सपीत ती आतच आली, सोबत आरसॉप, म्हणजे ‘रिझल्टंट सेट ऑफ पॉलिसी’.

शब्दांचा गुंता इथूनच सुरू झाला. आरसॉपचे दोन मोड: लॉगिंग (प्रत्यक्षात काय लागलं) आणि प्लॅनिंग (लावलं तर काय होईल). २००३ मध्ये जीपीएमसी हे व्यवस्थापनाचं कन्सोल आलं, तेव्हा त्याच दोन गोष्टींची नावं ‘रिझल्ट्स’ आणि ‘मॉडेलिंग’ अशी झाली. डिरेक्टरीतल्या परवानग्यांच्या यादीत मात्र आजही लॉगिंग आणि प्लॅनिंगच लिहिलेलं असतं. हेल्पडेस्कच्या पोराला रिपोर्ट काढायचा हक्क द्यायला बसलेला नवा अ‍ॅडमिन तिथे ‘रिझल्ट्स’ शोधत राहतो.

माझ्या मते यातलं ‘लॉगिंग’ हेच खरं नाव होतं आणि ते बदलायला नको होतं. हा रिपोर्ट मशीनची आत्ताची स्थिती वाचत नाही. पॉलिसी लावताना प्रत्येक घटक आपण काय केलं ते डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहितीयंत्रणेच्या साठ्यात लिहून ठेवतो आणि रिपोर्ट तिथून उचलतो. म्हणजे ती शेवटच्या खेपेची नोंदवही आहे. पॉलिसी साधारण दर ९० मिनिटांनी, वर ३० मिनिटांपर्यंतची यादृच्छिक भर घालून, ताजी होते. पण जीपीओ (पॉलिसीचा एक संच) बदललेलाच नसेल तर रजिस्ट्रीचा घटक मूळ सेटिंगनुसार ती पुन्हा लिहायच्या भानगडीत पडत नाही. मधल्या काळात लोकल अ‍ॅडमिनचे हक्क असलेल्या कुणी रजिस्ट्रीतली किंमत हाताने बदलली, तर रिपोर्ट बिनधास्त जुनीच किंमत दाखवतो. ‘रिझल्ट’ म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटतं, ही तपासणी झाली. एका कचेरीत ऑडिटच्या आदल्या रात्री आम्ही असे रिपोर्ट छापून फाइलला लावले होते. ऑडिटरने एकाच पीसीवर रजिस्ट्री उघडली आणि स्क्रीन लॉकची वेळ जुळली नाही. दोष रिपोर्टचा नव्हता. आम्ही तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून लावला होता.

व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅक १ पासून जीपीरिझल्टला ‘स्लॅश एच’ जोडला की थेट एचटीएमएल फाइल मिळू लागली. जुनी आरसॉपची खिडकी मात्र तेव्हापासून स्वतःच सांगते की मी सगळ्या सेटिंग दाखवत नाही, जीपीरिझल्ट वापरा. आणखी एक खाच: कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडला नाही तर रिपोर्टमध्ये कॉम्प्युटरचा भागच येत नाही, फक्त युजरचा येतो. अर्धा रिपोर्ट पूर्ण समजून पाठवणारे आजही भेटतात. सर्व्हर २००८ सोबत प्रेफरन्सेस (युजरला नंतर बदलता येणाऱ्या सेटिंग) आल्या आणि गोंदण परत आलं. मॅप केलेला ड्राइव्ह किंवा बदललेली रजिस्ट्री जीपीओ काढल्यावरही मागे राहते, मुद्दाम ‘आता लागू नसेल तर काढ’ हा पर्याय निवडला नसेल तर. रिपोर्टमध्ये त्याचा मागमूस नसतो, कारण त्या खेपेला तो जीपीओ नव्हताच.

विंडोजचा जून २०१६ चा सुरक्षा अपडेट अजून लोकांच्या लक्षात आहे. त्याआधी युजरची पॉलिसी युजरच्या ओळखीने आणली जाई. त्यानंतर ती कॉम्प्युटरच्या खात्याने आणली जाऊ लागली. वाटेत कुणी पॉलिसीत फेरफार करू नये, हे कारण रास्तच होतं. पण ज्यांनी जीपीओ कुणाला लागू हे ठरवणाऱ्या फिल्टरिंगमधून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (लॉग इन झालेली सगळी खाती, कॉम्प्युटरचीही) काढून फक्त आपला ग्रुप ठेवला होता, त्यांच्याकडे कॉम्प्युटरला तो जीपीओ वाचायचाच हक्क नव्हता. ड्राइव्ह गेले, प्रिंटर गेले. जीपीरिझल्ट काढला तर अनेकांना ‘लागू नाही, कारण अज्ञात’ अशा अर्थाची ओळ दिसली. उपाय दोन क्लिकचा होता: ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला वाचनाचा हक्क. पण ज्या साधनाने कारण सांगायचं तेच हात वर करत होतं, आणि यावर ‘तुम्ही फिल्टरिंगचे नियम पाळायचे होते’ एवढंच उत्तर पुरेसं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

आता अनेक लॅपटॉप डोमेनमध्ये नसतातच किंवा डोमेन आणि क्लाउड दोन्हीकडे असतात. क्लाउडमधून एमडीएमच्या (मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट) वाटेने येणाऱ्या सेटिंग जीपीरिझल्टला दिसत नाहीत. त्यांचा रिपोर्ट वेगळा, सेटिंगमधल्या खात्याच्या पानावरून निघणारा. दोघांत वाद झाला तर एमडीएमला जिंकवायची सोय विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून आहे, पण तीही सगळ्या सेटिंगना लागू होत नाही. त्यामुळे अशा मशीनसाठी ऑडिटच्या फाइलला दोन्ही रिपोर्ट लावावे लागतात, आणि स्क्रीन लॉकची वेळ तरीही रजिस्ट्रीत जाऊनच बघावी लागते.