अभिलेख कक्ष, तालुका

तहसील कार्यालयातील जुनी महसुली कागदपत्रे गाववार जतन करण्याची आणि त्यांच्या नकला देण्याची जागा. व्यवहारात तिला ‘रेकॉर्ड रूम’ म्हणतात. चालू वापरातून गेलेले सातबारे, फेरफार (जमिनीवरील हक्कातील बदल) नोंदवह्या, इनाम व कुळकायद्याची प्रकरणे, अकृषिक परवानगीच्या संचिका आणि जुन्या जन्म-मृत्यू नोंदी (गाव नमुना १४, म्हणजे गावच्या ठरावीक महसुली तक्त्यांपैकी एक) येथे असतात. मोजणीचे कागद, म्हणजे टिपण, फाळणी, गुणाकार बुक व गट नकाशा, भूमी अभिलेख उपअधीक्षकाकडे असतात. नोंदणीकृत दस्त व त्यांची सूची (इंडेक्स-२) दुय्यम निबंधकाकडे. ही तीन दप्तरे बहुधा एकाच गावात असली तरी त्यांचे खाते, शुल्क व अर्ज वेगळे आहेत.

महाराष्ट्रातील गाव-दप्तराचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. एक परंपरा तो निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृ. १६२६) याच्या जमीनधाऱ्यापर्यंत, म्हणजे महसूल-व्यवस्थेपर्यंत, नेते आणि पुढे पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनी दप्तराशी जोडते. परंतु त्या व्यवस्थेत मुख्य हिशेब गावाच्या एकूण आकारणीचा होता. शेतवार मोजणी, शेतावर आकार (सरकारी सारा) व खातेदाराचे नाव अशी आजच्या दप्तराला जवळची रचना इंग्रजी अमलातील जमीन-पाहणीतून आली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यातही १८२० च्या दशकाअखेर सुरू झालेली इंग्रज अधिकारी प्रिंगल यांची पाहणी मोजणीतील चुका व जड आकारणीमुळे सोडून द्यावी लागली; गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात केलेले काम हीच पुढे ‘मुंबई पद्धती’ ठरली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम निश्चित झाले व आकार सामान्यतः तीस वर्षांसाठी ठरू लागला. पाहणीच्या कागदातील नाव सारा भरण्यास जबाबदार कब्जेदाराचे असे. जमिनीवरील हक्क, गहाण, कूळ, वाटणी यांची स्वतंत्र नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या हक्कनोंद अधिनियमाने सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट करण्यात आली. म्हणून एकोणिसाव्या शतकातील उताऱ्यावर पूर्वजाचे नाव सापडले तरी तो मालकीचा पुरावा म्हणून पुढे करताना सावधगिरी लागते. आजच्या सातबाऱ्यावरील नोंदीलाही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे केवळ खंडनीय गृहीतकाचे, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानण्याचे, बळ आहे.

कक्षातील मांडणीवर एफ. जी. एच. अँडरसन यांच्या महसुली लेखा नियमपुस्तिकेचा ठसा आहे. गाव नमुने १ ते २१ याच चौकटीतले; त्यांपैकी ६ (फेरफार), ७ (अधिकार अभिलेख), ८-अ (खाते) व १२ (पिके) हे सर्वपरिचित आहेत. निकाली प्रकरणांचे वर्गीकरण अ, ब, क-१, क आणि ड असे होते. ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. कागद मिळेल की नाही हे बऱ्याच वेळा या अक्षरावर ठरते. फेरफाराची नोंद कायम राहते, पण तिच्यामागची वर्दी (बदलाची सूचना), जबाब व नोटिसा बहुधा खालच्या वर्गातल्या असल्याने नष्ट झालेल्या असतात. अर्जदार नोंद सापडल्यावर ‘आधार’ मागतो आणि तेथे अडतो.

शोधाची खरी अडचण क्रमांकांची आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने गावोगाव सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्यामुळे एकत्रीकरण योजनेपूर्वीचा कागद आजच्या गट क्रमांकावर मागितला तर ‘आढळ होत नाही’ असे उत्तर येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घेऊन जुना सर्व्हे नंबर व हिस्सा काढावा लागतो. सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेल्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जाणे हा जाणकारांचा नेहमीचा मार्ग. तसेच कागद गावाच्या आजच्या तालुक्यात असेलच असे नाही. ज्या कार्यालयात तो तयार झाला तेथे आधी चौकशी करावी. तालुका-विभाजनानंतर जुने दप्तर कित्येकदा मूळ तालुक्यातच राहिलेले असते, आणि रत्नागिरीतून १९८१ मध्ये वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांत हा प्रश्न जिल्हा पातळीवरही येतो. इनामांची व पेशवेकालीन कागदपत्रे बऱ्याच अंशी पुण्याच्या पेशवे दप्तरात (सरकारी अभिलेखागारात) गेली.

नकलेसाठी दोन वाटा आहेत. पहिली जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ ची: अभिलेख पाहणीस खुले असून विहित शुल्कावर प्रमाणित उतारे मिळतात, तपशील १९७० च्या नियमांत आहे. अर्जात गाव, क्रमांक, नमुना व वर्ष लिहावे लागते. दुसरी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ची: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, नंतर पहिले व दुसरे अपील. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. स्वतंत्र नक्कल-पद्धती असताना माहिती अधिकारात नक्कल मागता येते का, हा वादाचा मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात न्यायालयीन कागदांसाठी न्यायालयाचेच नियम वापरावेत असे ठरवले. काही कार्यालये त्याचा आधार महसुली कागदांसाठीही घेतात. तो निर्णय उच्च न्यायालयाच्या न्यायिक अभिलेखापुरता वाचावा हे मत अधिक ग्राह्य वाटते. क्रमांक माहीत नसेल तर नकलेपेक्षा निरीक्षण मागणे बरे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ त्यासाठी ठेवली आहे.

‘अभिलेख गहाळ’ हे उत्तर माहिती नाकारण्याच्या कायदेशीर कारणांत बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशा वेळी शोध व चौकशी करणे आवश्यक मानले. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा हलवणे व नष्ट करणे यांस पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

वरील वर्णन मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यास लागू पडते. मराठवाड्यात निजामी अमलाचे पहाणीपत्रक (पीक व कब्जाची नोंद), खासरापत्रक (शेतवार नोंद) व उर्दू कागद आढळतात. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातील मिसल (बंदोबस्ताचे कागद), निस्तारपत्रक (सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) व वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) असा वेगळा संच आढळतो. २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे या कक्षांतील मोडी व उर्दू कागद प्रथमच मोठ्या प्रमाणावर चाळले गेले. स्कॅन केलेले जुने उतारे आता अनेक तालुक्यांत संकेतस्थळावर मिळतात. मोडीतील पाने मात्र प्रतिमा स्वरूपात असल्याने ती नावाने शोधता येत नाहीत.